पाठकोरा कागद आणि तुमच्याकडे असलेला माझा पासवर्ड

प्रति,
नाशिक शहर आणि परिसरातले कर सल्लागार, सीए मंडळी, सीझनपुरते रिटर्न भरून देणारे झेरॉक्स-सायबरवाले, आणि मोबाइलवर काही मिनिटांत रिटर्न भरून देणाऱ्या ॲपच्या कंपन्या

विषय : आमचे कागद, आमचे पासवर्ड

स. न. वि. वि.

आमच्या सहा वर्षांच्या नातवाला चित्रं काढायचा नाद आहे. कागद कितीही आणा, पुरत नाहीत. म्हणून आमच्या मजल्यावरच्या एक ताई ऑफिसातून पाठकोरे कागद आणून देतात. त्यांचं ऑफिस म्हणजे एका कर सल्लागाराचं. मे महिन्यात नातवाने अशाच एका कागदावर हत्ती काढला आणि मला दाखवायला आणला. हत्ती झकास होता. मी कागद उलटा केला आणि हातातला चहा खाली ठेवला.

मागे कुणाचं तरी कॉम्प्युटेशन, म्हणजे आयकराचा हिशेब, छापलेलं होतं. नाव, पॅन, जन्मतारीख, घरचा पत्ता. अंबडच्या कुठल्या कारखान्यात नोकरी, पगार किती, गृहकर्जाचं व्याज किती, रिफंड कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यात जमा व्हायचा. खाली वजावटींच्या रकान्यात ८०डीडीबी. हे कलम कॅन्सर, निकामी झालेली किडनी अशा ठराविक गंभीर आजारांवरच्या उपचारखर्चासाठी असतं. ती वजावट मोठी होती. त्या माणसाच्या घरात कुणीतरी फार आजारी आहे, हे त्याच्या शेजाऱ्यालाही ठाऊक नसेल कदाचित. उपनगरातल्या एका स्वयंपाकघरात बसून मला ते कळलं होतं.

ताईंची यात चूक नाही. साहेबांनी टाकायला सांगितलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून त्या आणतात, आणि आपल्याकडे कागद वाया घालवणं हे पापच. पण तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय.

माझी ओळख सांगतो. मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो. शहराबाहेरच्यांना नुसतं 'प्रेस' म्हटलं की वर्तमानपत्र वाटतं. इथे पासपोर्ट, पोस्टाची तिकिटं आणि मुद्रांक छापले जातात, आणि शेजारच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा. आमच्याकडे कागद मोजून आत येतो आणि मोजून बाहेर जातो. छपाईत खराब झालेला कागद चांगल्या कागदाइतकाच जपतात. त्याची वेगळी मोजणी होते आणि तो नोंद करून नष्ट होतो. घरी जाताना रोज झडती. नवीन लागलेल्या पोरांना सुरुवातीला अपमान वाटायचा, मग ते अंगवळणी पडायचं. इतकी वर्षं असं काढलेल्या माणसाला तुमच्या ऑफिसातला कोपऱ्यातला गठ्ठा दिसला की हात शिवशिवतात, हे समजून घ्या.

आता माझी स्वतःची गोष्ट. निवृत्तीनंतर मी एका ओळखीच्या सल्लागाराकडून रिटर्न भरून घेत आलो. माणूस भला. पैसेही रास्त घ्यायचा. पहिल्या वर्षी त्यांनी आयकर खात्याच्या पोर्टलवर माझं खातं उघडून दिलं. तेव्हा मोबाइल नंबर टाकला तो त्यांचा, ईमेल टाकला तो त्यांच्या ऑफिसचा. 'काका, तुम्हाला ओटीपीचा त्रास नको.' मला बरंच वाटलं. पासवर्ड काय ठेवला हे मी विचारलं नाही. पुढे एकदा त्यांच्या टेबलावरच्या रजिस्टरमध्ये दिसला : माझं नाव, पुढे ॲटचं चिन्ह, पुढे १२३. वरच्या ओळीतल्या माणसाचंही तसंच, खालच्याचंही. म्हणजे एकाचा पासवर्ड कळला की पानावरच्या सगळ्यांचे कळले.

गेल्या वर्षी त्यांच्याकडचा मदतनीस मुलगा नोकरी सोडून गेला. त्याच्याबरोबर त्याचा मोबाइलही गेला आणि त्याच मोबाइलवर निम्म्या गिऱ्हाइकांचे ओटीपी येत होते. माझ्याच खात्यात मला शिरता येईना. सुटका व्हायला तीन आठवडे लागले. त्याच सुमारास मला कर्जवाल्यांचे आणि गुंतवणूकवाल्यांचे फोन सुरू झाले. एका पोरीने तर माझ्या मुदतठेवीचा आकडा जवळपास बरोबर सांगितला. हे कुठून फुटलं याचा पुरावा माझ्याकडे नाही, आणि पुराव्याशिवाय मी कुणावर बोट ठेवणार नाही. सल्लागारांचं नाव इथे नाही ते म्हणूनच.

तुम्ही म्हणाल, रिटर्नमध्ये असं असतं काय? तुम्हाला माहीत आहे, हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. नोव्हेंबर २०२१ पासून पोर्टलवर एआयएस मिळतं, म्हणजे वार्षिक माहिती विवरण. बचत खात्याचं व्याज, ठेवी, शेअर घेतले-विकले, लाभांश, जागेचे व्यवहार, परदेशी पाठवलेले पैसे, सगळं एका जागी. माझ्या बायकोला माझ्याबद्दल माहीत नाही एवढं त्यात आहे. ही पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो. तो कोणता? लहान अक्षरांतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. या दोन्ही गोष्टी पॅन कार्डावर छापलेल्या असतात. आणि पॅन कार्डाची झेरॉक्स आम्ही सिमकार्डापासून लॉजच्या खोलीपर्यंत सगळीकडे वाटत आलो आहोत. कुलूप आणि किल्ली एकाच फाइलीत लावून तुमच्या रॅकवर उभी असतात.

वजावटींचं तर विचारूच नका. ८०यू म्हणजे स्वतःचं अपंगत्व, ८०डीडी म्हणजे घरातल्या कुणाचं. ८०जी मध्ये कोणत्या संस्थेला देणगी दिली ते, ८०जीजीसी मध्ये कोणत्या पक्षाला. माणसाचा आजार, श्रद्धा, राजकारण, कर्ज, सगळं चार पानांत. जाता जाता एक : नव्या करपद्धतीत यातलं बहुतेक काही सांगावंच लागत नाही. कोणत्या पद्धतीत कर कमी बसतो याचा तक्ता तुम्ही लगेच काढून देता, पण कोणत्या पद्धतीत कमी सांगावं लागतं याचा रकाना त्या तक्त्यात कधी पाहिला नाही. माझ्यासारख्याला तोही फायदाच आहे.

ईमेल आणि मोबाइल सल्लागाराचा ठेवण्यातला धोका मी एकटाच सांगत नाही. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभर दीडशे ठिकाणी खोट्या वजावटींची तपासणी केली. तेव्हा खात्यानेच सांगितलं की काही रिटर्न भरणारे लोक घाऊक रिटर्नसाठी तात्पुरते ईमेल काढतात आणि नंतर सोडून देतात, त्यामुळे खात्याच्या नोटिसा कुणी वाचतच नाही. आधीच्या चार महिन्यांत चाळीस हजार करदात्यांनी आपणहून रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले होते. त्यात अनेकांना आपल्या नावावर काय लिहिलं गेलं हे माहीत तरी असेल का? नोटीस ज्या ईमेलवर जाते तो ईमेल ज्याच्या हातात, खातं त्याचंच.

तुमच्यापैकी सगळे असं वागतात असं मी म्हणत नाही. शरणपूर रोडला एका सीएंच्या ऑफिसात मी भाच्याबरोबर गेलो होतो. त्यांनी पासवर्ड मागितला नाही. पोर्टलवरूनच त्याला आपला क्लायंट म्हणून जोडून घेतलं, भाच्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी त्याने स्वतः दिला, काम झालं. ही सोय पोर्टलवर आहे. सीएला किंवा नोंदणी केलेल्या ई-रिटर्न मध्यस्थाला करदाता स्वतः परवानगी देतो आणि काम झाल्यावर काढूनही घेऊ शकतो. थोडी किचकट आहे, पोर्टल जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कसं चालतं हे मला तुम्ही सांगायला नको, पण सोय आहे. मग रजिस्टर कशाला?

आणखी एक विचारायचं होतं. रिटर्नला एकही कागद जोडावा लागत नाही. मग आधारच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स तुम्ही कशासाठी घेता? 'सगळेच घेतात' हे मला चार ठिकाणी मिळालेलं उत्तर आहे. आधार हवंच असेल तर मास्क केलेलं चालतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आता ॲपवाल्यांकडे वळतो. तुमचं ऑफिस मला दिसत नाही, त्यामुळे कोपऱ्यातला गठ्ठाही दिसत नाही. पण मुलाने त्याच्या मोबाइलवर एक ॲप घेतलं तेव्हा मी शेजारी बसलो होतो. फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, चढवा, म्हणालं. ठीक. मग पॅन द्या, पोर्टलवरून आम्हीच सगळं ओढून घेतो, म्हणालं. तेही ठीक. मग म्हणालं, ईमेल वाचायची परवानगी द्या, म्हणजे बँकेची स्टेटमेंटं आम्हीच शोधू. मग आधीच खूण करून ठेवलेला एक चौकोन : आमच्या भागीदारांकडून कर्ज आणि विम्याचे देकार मिळण्यास माझी संमती आहे. मुलगा 'पुढे' दाबत निघाला होता. मी म्हटलं, थांब. तो म्हणाला, बाबा, हे सगळीकडे असंच असतं.

सगळीकडे असतं हे खरं. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये 'द मार्कअप' या वृत्तसंस्थेने उघडकीला आणलं की एच अँड आर ब्लॉक, टॅक्सॲक्ट आणि टॅक्सस्लेयर या रिटर्न भरून देणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या साइटवरून करदात्यांची माहिती फेसबुककडे जात होती. मेटा पिक्सेल नावाचा जाहिरातींसाठीचा एक छोटा कोड त्या पानांवर बसवलेला होता. उत्पन्न, रिफंडचा आकडा, मुलांच्या कॉलेजचा खर्च असल्या गोष्टी त्यातून गेल्या. पुढच्या जुलैत तिथल्या लोकप्रतिनिधींनी त्यावर अहवालही काढला. ज्या देशात रिटर्न भरणाऱ्याने गिऱ्हाइकाची माहिती परवानगीशिवाय दुसऱ्याला दिली तर एक वर्षापर्यंत तुरुंगवास आहे, तिथली ही गोष्ट. त्यात चोर घुसला नव्हता. जाहिरात किती चालली हे मोजायचं यंत्र घरातल्याच माणसांनी लावलं होतं, आणि ते काय काय उचलतं हे पाहायला कुणाला सवड झाली नव्हती.

आपलं सरकारी पोर्टलही सुटलेलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये बातमी आली की पोर्टलवर आत शिरल्यावर आपल्या पॅनच्या जागी दुसऱ्याचा पॅन टाकला की त्याची माहिती दिसत होती : पत्ता, जन्मतारीख, बँक खातं. दोन सुरक्षा संशोधकांनी ते शोधलं आणि मग दुरुस्ती झाली. हे सांगतो ते एवढ्यासाठीच की 'आमचं सॉफ्टवेअर सुरक्षित आहे' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की मी ऐकून घेतो आणि पुढचा प्रश्न विचारतो : माझं काम झाल्यावर तुमच्याकडे माझं काय काय उरतं? जे तुमच्याकडे नाहीच ते फुटणार नाही.

आम्ही नाशिककर आपली माहिती दुसऱ्याच्या वहीत असण्याला सरावलेले आहोत. त्र्यंबकेश्वरला किंवा पंचवटीत जा. क्षेत्रोपाध्ये गाव आणि आडनाव विचारतात, कपाटातून वही काढतात आणि तुमच्या पणजोबांचं नाव वाचून दाखवतात. कोण कधी आलं, बरोबर कोण होतं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ही माहिती आपणहून दिली. ती कशासाठी दिली हे देणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि लिहिणाऱ्यालाही. आणि गुरुजींच्या घरातल्या पोराने त्या वहीच्या मागच्या बाजूला हत्ती काढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

कायद्याचं थोडं बोलतो, मी वकील नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी नियमांनी अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. कायदा म्हणतो, संमती स्पष्ट आणि ठराविक कामापुरती हवी. दिली तितक्याच सहज परत घेता यायला हवी. काम संपल्यावर, दुसरा कायदा ठेवायला सांगत नसेल तर, माहिती पुसायला हवी. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मागता येते, म्हणजे मराठीतही. माहिती नीट न सांभाळल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. हा आकडा ऐकून सिडकोतला सायबरवाला हसला. 'काका, माझं दुकान विकलं तरी तेवढे येणार नाहीत.' खरं आहे. पण कायद्याने दुकान लहान म्हणून गिऱ्हाइकाची माहितीही लहान मानलेली नाही.

याच कायद्यात एक फट आहे. तो डिजिटल माहितीचा, किंवा कागदावरून नंतर डिजिटल केलेल्या माहितीचा. नुसता कागद, कधीच स्कॅन न झालेला, त्यात बसत नाही. म्हणजे झेरॉक्सचा गठ्ठा तुमच्या सद्सद्विवेकावरच सोडलेला आहे. सीएंना त्यांच्या १९४९ च्या कायद्याने गिऱ्हाइकाची माहिती संमतीशिवाय फोडणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेलं आहे. पण पत्र्याच्या टपरीत 'येथे आयटी रिटर्न भरून मिळेल' असा फ्लेक्स लावणाऱ्याला असा कुठला परिषदेचा धाक?

आता दोष आमचाही सांगतो, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. आम्हीच तुम्हाला म्हणतो, 'साहेब, तुमच्याकडेच असू द्या, मला कळत नाही.' आम्हीच आधार, पॅन, पासबुक व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि वर निळ्या खुणा आल्या की नाही हे बघतो. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी फॉर्म १६ सल्लागाराऐवजी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. चूक लक्षात आल्यावर घाईघाईने 'डिलीट फॉर मी' केलं. म्हणजे चौसष्ट जणांना त्यांचा पगार दिसत राहिला आणि एकट्या त्यांनाच दिसेनासा झाला. मेंटेनन्सच्या मीटिंगमध्ये त्यांना अजून त्यावरून टोमणे मिळतात.

तरी मागणं तुमच्याकडेच आहे, कारण एका घरचा निष्काळजीपणा त्या घरापुरता राहतो, तुमच्याकडे शेकडो घरं एकत्र आहेत. पासवर्ड मागू नका, आणि गिऱ्हाइकाने दिला तर काम झाल्यावर त्याच्यासमोर बदलायला लावा. खात्यावर मोबाइल आणि ईमेल त्याचाच ठेवा. ज्याच्याकडे ईमेल नाही त्याच्या मुलाचा, सुनेचा ठेवा. रिटर्न भरल्यावर पडताळणीला तीस दिवस असतात, त्यामुळे ओटीपीसाठी तो माणूस संध्याकाळी कामावरून आल्यावर फोन केलात तरी आभाळ कोसळत नाही. मदतनीस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी सगळ्या चाव्या बदला. नोटीस काही वर्षांनीही येते, म्हणून कॉम्प्युटेशन आणि पावत्या ठेवाव्या लागतात, मान्य. पण त्या कुलपात ठेवा आणि मुदत संपल्यावर कागद फाडायच्या यंत्रात घाला. रद्दीवाल्याला किलोवर देऊ नका.

आणि जुने कॉम्प्युटर. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ही जखम आमच्या पिढीची आहे. मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीचं नाव महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? त्या प्रकरणात बाद झालेल्या छपाईयंत्रांचा विषय किती गाजला, हे नाशिकरोडच्या माणसाला कुणी सांगायला नको. बाद झालेली वस्तू ही निरुपयोगी वस्तू नसते, एवढं आम्ही त्यातून शिकलो. तुमचा सात वर्षांचा कॉम्प्युटर तुम्ही एक्स्चेंजमध्ये देता किंवा गावाकडच्या पुतण्याला देता, तेव्हा आत आमचे सात सीझन असतात. हार्ड डिस्क काढून घ्या. हातोडा मी आणून देतो.

ॲपवाल्यांनो, तुमच्याकडे मागणं थोडकं आहे. रिटर्नची संमती वेगळी, देकारांची वेगळी, आणि दुसरा चौकोन रिकामा. ईमेल वाचायची परवानगी मागूच नका. खातं काढायचं बटण जितकं मोठं असतं तितकंच मिटवायचं ठेवा. आणि ती सूचना मराठीत द्या, पण कुणी मराठी बोलणाऱ्याने लिहिलेल्या मराठीत. 'आपण याद्वारे अपरिवर्तनीयपणे अधिकृत करता' हे वाचून मी संमती देणार नाही, आणि नकारही देता येणार नाही, कारण कळलंच नाही.

माझ्या सल्लागारांना मी हे पत्र आधी वाचून दाखवलं. ते पाच मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, 'काका, रजिस्टर जाळू का?' मी म्हटलं, आधी सगळ्यांना पासवर्ड बदलायला फोन करा, मग जाळा. येत्या शनिवारी सकाळी अकराला मी त्यांच्याकडे जाणार आहे. चष्मा आणि मोबाइल दोन्ही बरोबर असेल. नंबर माझा घालून घेईन आणि ओटीपी मी स्वतः टाकीन. मला वेळ लागेल. रांगेतल्यांनी सांभाळून घ्यावं.

आपला,
नाशिकरोडचा एक पेन्शनर

ता. क. : हत्तीचं चित्र नातवाने टाकू दिलं नाही, ते फ्रिजवर लावलंय. त्याआधी मागच्या बाजूचं नाव, पॅन, पत्ता, खातं आणि ते कलम मी जाड काळ्या पेनने खोडलं. एका कागदाला अर्धा तास लागला. शाई पुढे उतरल्यामुळे हत्तीच्या पोटावर काळा डाग पडलाय, आणि तो कशाचा हे नातू रोज विचारतो.